रिसर्च पेपर जर्नलला पाठवताना: प्रकाशन-नीतीचे टप्पे, क्रमाने

पीएचडी करणाऱ्यांचे आणि कॉलेजात शिकवणाऱ्यांचे पेपर नीतीच्या मुद्द्यावर अडकतात, तेव्हा दर वेळी मागे लबाडीच असते असे नाही. बऱ्याचदा कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. सर्व्हे उरकल्यावर एथिक्स कमिटी आठवते. पेपर लिहून झाल्यावर लेखकांची नावे ठरतात. साम्य अहवालात, म्हणजे पेपरचा किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो हे सॉफ्टवेअरने काढून दाखवलेल्या अहवालात, २३ टक्के आले की शब्द बदलण्याची धावपळ सुरू होते. आणि बढतीच्या अर्जाची तारीख तोंडावर आली की जर्नल शोधले जाते. यातल्या काही चुका नंतर दुरुस्तच होत नाहीत. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

सुरू करण्यापूर्वी कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडा. मंजुरीची पत्रे, संमतीपत्राचा नमुना, मूळ डेटा, सहलेखकांचे ईमेल, चित्रांच्या परवानग्या, तारखेसह साम्य अहवाल असे सगळे त्यात जमा करत जा. संपादकाने दोन वर्षांनी विचारले तरी एका दिवसात उत्तर देता आले पाहिजे.

टप्पा १: माहिती गोळा करण्याआधीची मंजुरी

माणसांकडून माहिती घ्यायची असेल, मग ती रक्ततपासणी असो वा प्रश्नावली, संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आधी घ्या. काम झाल्यानंतर मागील तारखेपासून मंजुरी मिळत नाही. तशी मिळवलेली असेल आणि पेपरमधल्या तारखा जुळल्या नाहीत, तर संपादक थेट संस्थेला पत्र लिहितो. वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे पाहा. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधाची किंवा उपचाराची माणसांवरची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य या विषयांत "आमच्याकडे हे लागत नाही" असे सर्रास म्हटले जाते. जर्नल मात्र विचारते. संस्थेत कमिटी नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे अर्ज करता येतो का, ते प्रश्नावली छापण्याआधी विचारा.

संमतीपत्र उत्तर देणाऱ्याला कळेल अशा मराठीत हवे. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेताना विशेष जपा. इंटर्नल मार्क ज्याच्या हातात आहेत, त्याला नाही म्हणणे विद्यार्थ्याला जड जाते. फॉर्म वाटण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्या आणि फॉर्मवर रोल नंबर घेऊ नका.

*तपासा:* नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे नाही. "तालुक्यातील अमुक गाव, अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी राखीव सरपंचपद, २०१७ची निवडणूक" एवढे छापले की ती बाई कोण हे गावात कुणीही सांगेल. गाव, पद आणि वर्ष यांतले निदान एक तरी पुसट करा.

टप्पा २: लेखक कोण, आणि कोणत्या क्रमाने

हा टप्पा लिखाणाआधीचा आहे. इथे जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखकत्वासाठी चार अटी सांगते आणि इतर विषयांतली अनेक जर्नलेही त्या वापरतात. कल्पना, आराखडा, माहिती मिळवणे किंवा तिचा अर्थ लावणे यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या पातळीवर सुधारणा करणे. छापल्या जाणाऱ्या अंतिम मसुद्याला मान्यता. आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्याचबरोबर, ज्याने पहिली अट पूर्ण केली त्याला मसुदा वाचण्याची संधीच न देता यादीतून गाळणे हेही गैर आहे.

विभागप्रमुख आहेत म्हणून, लॅब त्यांची आहे म्हणून, निधी त्यांनी आणला म्हणून किंवा केवळ गाइड आहेत म्हणून नाव येत नाही. त्यांची जागा ऋणनिर्देशात, तीही त्यांना विचारून. उलट बाजूनेही तितकीच चूक होते: आकडेवारीचे सगळे विश्लेषण करून देणाऱ्याला पैसे दिले आणि नाव गाळले, तर तो लपवलेला लेखक ठरतो.

आपल्याकडे नावे का वाढतात याचे एक कारण प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांच्या हिशोबात आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला पेपरच्या गुणांपैकी ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे नाव घातल्याने कुणाचे फारसे जात नाही, आणि "तू माझे घाल, मी तुझे घालतो" हा व्यवहार सहज जमतो. पण चौथी अट विसरू नका. डेटा खोटा निघाला तर यादीतला प्रत्येक जण जबाबदार असतो, पेपर न वाचलेलाही.

काम असे करा:

१. आराखडा ठरला की सर्व संभाव्य लेखकांना एक ईमेल पाठवा. कोण काय करणार, पहिले नाव कुणाचे, करस्पाँडिंग लेखक कोण, हे त्यात स्पष्ट लिहा. तोंडी ठरवू नका.

२. कामाची विभागणी लिहिताना क्रेडिट या पद्धतीतल्या १४ भूमिका वापरा: संकल्पना, पद्धती, डेटाची निगा, विश्लेषण, पहिला मसुदा, मार्गदर्शन वगैरे. ज्याच्या नावापुढे "मार्गदर्शन" किंवा "निधी" याखेरीज काहीच लिहिता येत नाही, त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

३. काम बदलले तर क्रम बदला आणि पुन्हा सर्वांची लेखी संमती घ्या.

४. प्रत्येक लेखकाचा १६ अंकी ऑर्किड क्रमांक घ्या. एकाच माणसाचे नाव एका पेपरात आडनाव आधी, दुसऱ्यात वडिलांच्या नावासह आणि तिसऱ्यात फक्त आद्याक्षरांनी येते. त्यातून होणारा गोंधळ या क्रमांकाने टळतो.

*इशारा:* "स्कोपस पेपरमध्ये तिसरे नाव उपलब्ध" (स्कोपस म्हणजे निवडक जर्नलांची एक आंतरराष्ट्रीय सूची) अशा जाहिराती व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरतात. हे पेपर पैसे घेऊन बनावट पेपर लिहून देणाऱ्या "कारखान्यांत" तयार होतात आणि पकडले गेले की एकगठ्ठा रद्द होतात. विकत घेतलेल्या नावाचा बचाव करता येत नाही, कारण मूळ डेटा दाखवायला तुमच्याकडे नसतोच.

टप्पा ३: जर्नल पारखणे

यूजीसी-केअर यादीची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीची, सवय झालेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१८मध्ये सुरू झालेली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालवली जाणारी ती यादी यूजीसीने बंद केली असून तशी सूचना फेब्रुवारी २०२५मध्ये काढली. आता पारख करण्याचे काम संस्थेचे आणि तुमचे आहे. "यूजीसी मान्यताप्राप्त" असा शिक्का आजही मिरवणारे जर्नल दिसले तर तेवढ्यावरच सावध व्हा.

पारख या क्रमाने करा. जर्नलचा आयएसएसएन क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकून नाव जुळते का पाहा. मात्र आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, दर्जाची खूण नाही. तो असल्याचा डांगोरा पिटणाऱ्या जर्नलला दुसरे सांगण्यासारखे काही नसते. मग स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा डीओएजे (ओपन ॲक्सेस, म्हणजे सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांची सूची) यांच्या स्वतःच्या यादीत जर्नल शोधा. जर्नलच्या वेबसाइटवरचा लोगो हा पुरावा नव्हे. स्कोपसमध्ये नाव सापडले तरी कोणत्या वर्षांपर्यंतची नोंद आहे ते वाचा, कारण मध्येच वगळलेली जर्नले जुनी नोंद दाखवून पेपर घेतात. यानंतर जर्नलच्या वेबसाइटवर त्या यादीतल्या दुव्यावरूनच जा. गूगलवरून किंवा आलेल्या ईमेलवरून जाल तर हुबेहूब नक्कल केलेल्या साइटवर पोचण्याचा धोका असतो. नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे मात्र भलत्याच खात्यात. केअर यादीतल्या जर्नलांच्याही अशा नकला निघाल्या होत्या.

मग मागचे दोन अंक उघडा. एकाच अंकात शेतीची माती, ज्ञानेश्वरीतली अलंकारयोजना आणि बँकांचा ताळेबंद एकत्र असतील तर तिथे कुणी काही तपासत नाही. संपादक मंडळातली दोन-तीन नावे घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. जर्नल कोप, म्हणजे प्रकाशन-नीती समितीचे सदस्य असल्याचे सांगत असेल तर समितीच्या साइटवर सदस्यांची यादी शोधता येते.

*पैशाची तपासणी:* फी किती ते पेपर पाठवण्याआधी साइटवर लिहिलेले हवे. ओपन ॲक्सेस जर्नल सहसा पेपर स्वीकारल्यावर प्रकाशकाच्या नावाने बिल देते. तीन दिवसांत रिव्ह्यू, व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर पैसे आणि प्रत्येक लेखकाला वेगळे सर्टिफिकेट, हे तिन्ही एकत्र दिसले की तिथून निघा. अशा ठिकाणी पेपर दिलाच असेल तर लगेच लेखी मागे घ्या. "मागे घ्यायचीही फी द्या" असे ते म्हणतात; ती देऊ नका आणि कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका. हा पत्रव्यवहार जपून ठेवा. पुढच्या जर्नलच्या संपादकाला सगळे खरे सांगताना तो लागेल.

टप्पा ४: लिखाण, आणि दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे म्हणून दाखवणे

नोट्स काढतानाच तीन खुणा ठेवा: जसेच्या तसे वाक्य अवतरणचिन्हांत, आपल्या शब्दांतला सारांश साधा, आपले मत वेगळ्या रंगात. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कुणाचे हे आठवत नाही, आणि तिथेच नकळत वाङ्मयचौर्य घडते.

सगळ्यात जास्त चुकते ते शब्दांतर. समजा मूळ वाक्य असे आहे:

"दुष्काळी तालुक्यांत विहिरींची खोली वाढत गेली, तसतसा लहान शेतकऱ्यांचा पाणीउपशाचा खर्चही वाढला."

आणि पेपरमध्ये असे आले:

"अवर्षणग्रस्त तालुक्यांमध्ये विहिरी जसजशा खोल झाल्या, तसा अल्पभूधारकांचा पाणी उपसण्याचा खर्च वाढत गेला."

एकेक शब्द बदलला, पण वाक्याचा सांगाडा आणि विचार जागचे हललेले नाहीत. सॉफ्टवेअर इथे शून्य दाखवील, तरी हे चौर्यच आहे. मूळ लेख मिटवा, मुद्दा आपल्या कामाशी जोडा आणि मग लिहा: "विहीर खोल करण्याचा भार लहान शेतकऱ्यावर अधिक पडतो असे अमुक यांनी दाखवले आहे. आमच्या चार गावांत मात्र सामाईक विहिरी असलेल्या कुटुंबांचा खर्च वेगळा दिसतो." पहिल्या वाक्याला लेखक, वर्ष आणि पान द्या. दुसरे वाक्य तुमचे आहे, आणि पेपर त्याच्यासाठीच आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणि मराठीतून इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद आपला म्हणून छापणे, किंवा जुन्या मराठी लेखाचे इंग्रजी करून पाठवणे, हे भाषा बदलली तरी चौर्यच. आपलाच मराठी पेपर इंग्रजीत छापायचा असेल तर दोन्ही संपादकांची परवानगी घ्या, आशय तोच ठेवा आणि "हा पेपर प्रथम अमुक जर्नलमध्ये मराठीत प्रसिद्ध झाला" अशी टीप पहिल्या पानावर द्या. एवढे केले तर ते रीतसर आहे. न सांगता केले तर दुबार प्रकाशन.

एकाच सर्व्हेचे तुकडे करून तीन पेपर काढणे हाही दोष आहे. प्रश्न एकच, नमुना एकच, फक्त तक्ते वेगळे असतील तर पेपर एकच करा. प्रश्न खरोखर वेगळे असतील तर प्रत्येक पेपरात बाकीच्यांचा उल्लेख हवा.

चित्रांच्या बाबतीत नियम सरळ आहे. उजेड किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण चित्राचा, आणि त्यामुळे काही पुसले जात नसेल तरच. प्रयोगशाळेतल्या दोन वेगळ्या जेल-चाचण्यांच्या (जेल इलेक्ट्रोफोरेसिस) चित्रांतले पट्टे एकत्र ठेवले तर मधे स्पष्ट रेघ हवी आणि खाली खुलासा हवा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल कधीही पुसू नका. दुसऱ्याचा नकाशा किंवा आकृती घेताना फक्त "सौजन्य" लिहून भागत नाही; परवान्यात मुभा नसेल तर लेखी परवानगी लागते.

चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक करता येत नाही, कारण ते कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही. कोप आणि आयसीएमजेई दोघांनीही २०२३मध्ये हे स्पष्ट केले. साधन वापरले असेल तर कोणते आणि कशासाठी ते जर्नलच्या नियमाप्रमाणे लिहा. ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी खरे वाटतील असे रचून देतात. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडा आणि लेखाचे शीर्षक स्वतः वाचा.

*तपासा:* संदर्भयादीतला एखादा पेपर रिट्रॅक्ट, म्हणजे छापल्यानंतर जर्नलने रद्द केलेला, तर नाही ना? झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवले असतील तर अशा नोंदीवर इशारा दिसतो.

टप्पा ५: साम्य अहवाल वाचणे

आकडा पाहून अहवाल मिटवणे ही इथली मुख्य चूक. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंध नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे ४०पर्यंत, ६०पर्यंत आणि ६०च्या वर अशा पायऱ्या आहेत. छापलेल्या पेपरात १० ते ४० टक्के आढळले तर तो मागे घ्यावा लागतो. ४० ते ६०मध्ये एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे मार्गदर्शनासाठी नवा विद्यार्थी घेता येत नाही. ६०च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. पण याच नियमांत सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असूच नये असेही म्हटले आहे. सूट फक्त सर्वसामान्य माहितीला आणि योगायोगाने जुळलेल्या सलग १४ शब्दांपर्यंत. "१० टक्के चालतात" हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे. शिवाय जर्नलवर ही मर्यादा बंधनकारक नसते.

आधी संदर्भयादी, ऋणनिर्देश आणि रीतसर अवतरणे वगळून अहवाल काढा. मग एकेक स्रोत उघडा. निष्कर्षातले ८ टक्के एकाच लेखातून आलेले असतील तर ते, पद्धती सांगताना वीस ठिकाणी विखुरलेल्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त गंभीर आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचा स्वतःचा प्रबंध जुळला तर संपादकाला पत्रात तसे कळवा.

मराठी मजकुराबाबत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधली पीडीएफ दिली की सॉफ्टवेअरला आतमध्ये निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि अहवाल शून्य येतो. तो शून्य कामाचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासा. परीक्षकानेही असा कोरा अहवाल स्वीकारू नये.

*इशारा:* कुठल्याशा फुकट साइटवर पेपर चढवू नका. तो त्यांच्या साठ्यात राहिला तर पुढच्या तपासणीत तुमचाच पेपर शंभर टक्के जुळतो. कॉलेजच्या लायब्ररीतून तपासतानाही "साठ्यात ठेवू नका" हा पर्याय निवडायला सांगा.

टप्पा ६: सबमिट करणे

एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी पाठवून "जिथे आधी होईल तिथे" हे चालत नाही. दोन्ही संपादक एकाच रिव्ह्यूअरला (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला) गाठतात तेव्हा ते उघड होते. पहिल्या जर्नलने मागे घेतल्याचे लेखी कळवेपर्यंत दुसरीकडे पाठवू नका.

हितसंबंधांच्या रकान्यात निधी, सल्लागार म्हणून मिळालेले पैसे, नातेसंबंध आणि ज्या संस्थेचा अभ्यास केला तिथली नोकरी हे सारे लिहा. लिहिल्याने पेपर नाकारला जात नाही, लपवल्याने जातो. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर गाइड, सहकारी आणि अलीकडचे सहलेखक नकोत. ज्यांची नावे सुचवाल त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. खोटा ईमेल बनवून स्वतःच रिव्ह्यू लिहिण्याचे प्रकार पकडले गेले आहेत आणि त्यात पेपर रद्द झाले आहेत.

सहलेखकांचे खरे ईमेल भरा. जर्नलच्या साइटवरच्या आपल्या खात्याचा पासवर्ड एजंटला देऊ नका.

टप्पा ७: रिव्ह्यूचा काळ

प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर द्या. पटले नाही तर कारण लिहा. मागितलेले विश्लेषण न करता "केले" असे लिहिणे हा सरळ खोटेपणा आहे. रिव्ह्यूअरने असंबद्ध पाच पेपरांचा हवाला मागितला आणि पाचही एकाच लेखकाचे असतील, तर संपादकाला शांतपणे तसे कळवा. या टप्प्यावर नाव वाढवायचे किंवा काढायचे असेल तर जर्नल कारण मागते, आणि काढल्या जाणाऱ्यासह सर्वांची संमती मागते.

तुम्ही स्वतः रिव्ह्यूअर असाल तर हस्तलिखित गोपनीय आहे. ते एआय साधनात टाकू नका. विद्यार्थ्याकडून रिव्ह्यू लिहून घ्यायचा असेल तर आधी संपादकाची परवानगी घ्या आणि त्याचे नाव कळवा. गाइडच्या नावाने विद्यार्थ्याने गुपचूप रिव्ह्यू लिहिणे आपल्याकडे नेहमीचे झाले आहे, आणि ते त्या विद्यार्थ्यावरही अन्यायकारक आहे.

टप्पा ८: छापल्यानंतर चूक सापडली तर

गप्प बसू नका. तक्त्यातला आकडा चुकला पण निष्कर्ष टिकतो, तर दुरुस्ती छापून येते. निष्कर्षच कोसळत असेल तर रिट्रॅक्शन मागा. प्रामाणिक चुकीसाठीही रिट्रॅक्शन होते आणि सूचनेत तसे कारण लिहून घेता येते. म्हणूनच दुसऱ्याने उघड करण्याआधी स्वतः कळवणे महत्त्वाचे.

संपादकाला पत्र छोटे लिहा: पेपरचे शीर्षक आणि डीओआय, कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात काय चुकले, ते कसे घडले, बरोबर आकडे, निष्कर्षावर परिणाम, सर्व लेखकांची सहमती. पत्राची प्रत सहलेखकांना आणि चूक गंभीर असेल तर संस्थेलाही द्या. दुरुस्त केलेला पेपर परस्पर दुसऱ्या जर्नलला नवा म्हणून देऊ नका. रिट्रॅक्ट झालेला पेपर जर्नलच्या साइटवर शिक्क्यासह राहतो. बायोडेटातून आणि बढतीच्या अर्जातल्या गुणांच्या हिशोबातून तो काढण्याचे काम मात्र तुमचे.